जावळीत घरी पाहुणे ठेवायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा–कास–बामणोली रस्त्यापासून आत, जावळी तालुक्यात आहे. कौलारू घर आहे. पुढच्या पडवीला लागून दोन खोल्या रिकाम्या आहेत, प्रत्येकी साधारण दहा बाय बारा. घरात माणसं सहा, स्वयंपाकाला आम्ही दोघी जावा. फुलांच्या दिवसांत कासला येणारे लोक जेवणाची आणि मुक्कामाची सोय विचारत फिरतात, म्हणून या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा विचार आहे. हॉटेल करायचं नाही. घरातच राहतील, आमच्यातच जेवतील, असं हवं आहे.

दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. घरातली मंडळी म्हणतात, आधी फरशी, पीओपी आणि रंग करून घेऊ. हे बरोबर आहे का? परवाने कोणते लागतात? एका वेळी किती माणसं घ्यावीत आणि दर कसा लावावा? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगावं.

घाटमाथा:
ताई, पीओपी अजिबात करू नका. कौलारू घराला पावसाळ्यात ओल येणारच, आणि पीओपीवर पहिल्याच आषाढात काळे डाग पडतात. खोल्यांना चुना किंवा साधा डिस्टेंपर पुरे. दीड लाखातला मोठा वाटा मोरी, संडास आणि पाण्यावर घाला. शहरातला माणूस शेणाने सारवलेल्या जमिनीवर आनंदाने बसतो, पण संडास तुंबला की रात्रीच गाडी काढतो.

तुमच्याकडे दोन खड्ड्यांचं शौचालय असेल, तर ते पाच-सहा माणसांच्या हिशोबाने बांधलेलं असतं. त्यात आणखी सहा पाहुणे आले की खड्डा निम्म्या वेळात भरतो. शिवाय आपल्याकडची खरी अडचण जुलै-ऑगस्टमध्ये येते. चहूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असते, खड्ड्यातलं पाणी जिरायला जागा उरत नाही आणि शौचालयाच्या भांड्यात पाणी वर चढतं. लोक समजतात नळी तुंबली, आणि ॲसिड ओततात. ॲसिडने आणि बाटलीभर फिनेलने खड्ड्यातले जिवाणू मरतात, मग मैला कुजत नाही आणि त्रास वाढतो.

उपाय असे. पाहुण्यांसाठी वेगळं शौचालय आणि वेगळा खड्डा करा. खड्ड्याचा कठडा जमिनीपासून फूटभर वर घ्या आणि भोवती मातीचा उतार द्या. पागोळ्यांचं पाणी खड्ड्याच्या दिशेने येत असेल तर चर काढून दुसरीकडे वळवा. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी या खड्ड्यात कधीच सोडू नका, ते परसातल्या केळी-अळूला द्या. विहिरीपासून खड्डा निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्याची जमीन असेल तर भेगांतून पाणी लांबवर जातं, तिथे आणखी अंतर ठेवा. वायुनळी असेल तर तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डास तिथे अडतात.

आणि आतल्या गोष्टी. आतून नीट लागणारी कडी, दरवाजाच्या फटीतून दिसणार नाही अशी बांधणी, उंचावर खिडकी, दिवा, झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. सॅनिटरी पॅड गुंडाळायला काही दिसलं नाही तर ते भांड्यात जातं, आणि मग सगळा खेळ थांबतो. मोरीत एक खिळा पुरत नाही, चार-पाच खुंट्या लावा. ओला टॉवेल, कोरडे कपडे, मोबाईलची पिशवी, सगळं एका खिळ्यावर टांगलं की कोरडे कपडे मोरीत पडतात.

गरम पाण्याला तुमचा तांब्याचा बंब उत्तम. गॅस गिझर लावायचाच झाला तर तो मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि फक्त नळ आत न्या. बंद मोरीत गॅस गिझर चालला की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणूस बेशुद्ध पडेपर्यंत बाहेर कुणाला काही कळत नाही. यावर पैसे वाचवू नका. विजेचा गिझर घेतलात तर आधी अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. वायरमनला हे दोन शब्द सांगितले की पुरतं.

पाटणखोरे:
वरच्या उत्तरात पाण्याचा हिशोब राहिला. पाहुणा माणूस आपल्यापेक्षा जास्त पाणी वापरतो. अंघोळ, संडास, हातपाय, त्याच्या वाट्याची भांडी आणि चादरी धरल्या तर माणशी ८० ते १०० लिटर. सहा जण म्हणजे रोज ६०० लिटर. हजार लिटरची टाकी घरच्या वापरासकट एक दिवसही धड पुरणार नाही. पावसाळ्यात हे जाणवत नाही, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याच डोंगरातले झरे आटतात. त्या दोन महिन्यांत पाहुणे घ्यायचे की नाही हे आत्ताच ठरवा. शेजारणी हंडे घेऊन लांब जात असताना आपल्या मोरीत शॉवर चालू असेल, तर गावात वाईटपणा येतो.

पिण्याच्या पाण्याचं वेगळं बघा. पावसाळ्यात विहिरीचं, झऱ्याचं पाणी गढूळ होतं. यूव्हीचा फिल्टर गढूळ पाण्यात काम करत नाही, कारण प्रकाश गाळातून पलीकडे जातच नाही. आधी तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी गाळून उकळा. उकळलेल्या पाण्याची कळशी वेगळी ठेवा आणि तिच्यात कुणी हात बुडवू नये म्हणून दांड्याचं ओगराळं ठेवा. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकत असाल तर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करा, पाण्याला पिवळी झाक यायला हवी. रंगच आला नाही तर पावडर जुनी आहे. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो, ती हवाबंद डब्यातच ठेवायची. हे सामान ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतं, तोच करून दाखवेल.

बाटलीबंद पाणी विकू नका. चार पैसे सुटतात, पण बाटल्या ओढ्यात जातात आणि ओढा शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, जातो. तांब्या-भांडं द्या, पाहुण्यांनाही ते आवडतं.

वारणाकाठ:
मी सांगली जिल्ह्यातून, शिराळ्याकडून लिहिते. स्वयंपाकाचं आणि बायकांच्या कामाचं बोलते, कारण हे घरातले पुरुष धरतच नाहीत.

दोघी जावा आणि घरची सहा माणसं असताना सुरुवातीला चार पाहुणे, फार तर सहा. आठ झाले की एकीचा पूर्ण दिवस चुलीपुढे आणि दुसरीचा धुण्याभांड्यांत जातो, गुरं आणि शेत तसंच राहतं. जेवणाची वेळ ठरवून सांगा. सकाळी नऊला न्याहारी, दुपारी एक आणि रात्री आठ. गरम भाकरी वाढायची तर सगळे एका पंगतीत बसायला हवेत. एकेक जण येत राहिला तर तवा रात्री अकरापर्यंत उतरत नाही.

मापं सांगते. भाकरीला साधारण ९० ग्रॅम पीठ लागतं. सहा जणांना दोन-दोन आणि तीन वरकड अशा पंधरा भाकरी, म्हणजे जवळपास १ किलो ३५० ग्रॅम पीठ. तांदूळ माणशी ८० ग्रॅम, सहा जणांना अर्धा किलो. तूरडाळ पाव किलो, भाजी निवडून एक किलो. मटण केलं तर माणशी पाव किलो धरा, आणि ते आदल्या दिवशी सांगितलं तरच करायचं.

ताट आपल्या भागाचंच ठेवा. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं, वाघ्या घेवड्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, ताक, इंद्रायणीचा भात. पनीरच्या नादी लागू नका. ते बाहेरून आणावं लागतं, वीज गेली की फ्रीजमध्ये आंबतं, आणि पाहुणा ते शहरात रोज खातो. फक्त तिखट वेगळं काढा. आमटी मध्यम करायची आणि खर्डा ताटात बाजूला वाढायचा, लहान मुलांसाठी दूध-भात किंवा तूप-मेतकूट-भात. बुकिंग घेतानाच विचारून ठेवा: उपास कुणाचा, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतं, म्हणून हा प्रश्न विसरू नका.

पाहुण्यांना भाकरी थापायची हौस असते. त्यासाठी पीठ ताजं हवं. दळून पंधरा दिवस झालेल्या ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा जातो आणि थापताना कडा चिरतात. असं पीठ असेल तर कढत पाण्यात मळा. नाचणीचं पीठ तर नेहमीच उकड काढून घ्यावं. पाणी उकळलं की आच मंद करून पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, दोन मिनिटांनी परातीत काढून हाताला सोसेल तसं मळायचं. नवख्या माणसाच्या हातात लहान गोळा द्या. पोळपाटाएवढी भाकरी त्याला उचलता येत नाही, तव्यावर घडी पडते आणि तो ओशाळतो. तळहाताएवढी जमली की तीच त्याच्या ताटात वाढा.

अंथरुणाचंही ऐका. पावसाळ्यात चादर वाळायला तीन दिवस लागतात. म्हणून प्रत्येक गादीला तीन जोड हवेत, उन्हाळ्यात दोन पुरतात. कापसाच्या गाद्या ओल धरतात आणि त्यांना कुबट वास येतो. गादी जमिनीला टेकू देऊ नका, खाली लाकडी फळी किंवा खाट घ्या, आणि उघडीप मिळाली की दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा. घोंगडी द्या, पण अंगाशी सुती चादर असू द्या. लोकरीची सवय नसली की अंगाला खाज सुटते.

माणदेशी:
वारणाकाठ ताईंनी लिहिलेलं पटलं, फक्त चारच पाहुण्यांवर थांबायचं असेल तर दर नीट काढा. बहुतेक घरं इथेच फसतात, कारण घरचं दूध, घरचे तांदूळ आणि घरच्या बाईची मजुरी कुणी मोजतच नाही.

उदाहरणादाखल चार माणसं, एक मुक्काम, शाकाहारी. किराणा, दूध, गॅस माणशी २५० धरला तर १०००. धुणं, साबण, वीज माणशी ७५ प्रमाणे ३००. दोघींची मजुरी प्रत्येकी ४०० म्हणजे ८००. गाद्या, भांडी, रंग यांची झीज माणशी १०० प्रमाणे ४००. एकूण २५००, म्हणजे माणशी ६२५ रुपये नुसता खर्च. आता दोनच माणसं आली तर? किराणा ५००, धुणं १५०, झीज २००, पण मजुरी तीच ८००. एकूण १६५०, माणशी ८२५. म्हणजे माणशी ८०० दर लावलात तर चौघांत सातशे रुपये मिळतात आणि दोघांत पन्नास रुपये खिशातून जातात. माणशी हजार-अकराशेच्या खाली येऊ नका, किंवा एका खोलीचा किमान दर ठरवून टाका. आकडे तुमच्या बाजारभावाने बदला, रीत हीच ठेवा.

चहा, न्याहारी, दोन जेवणं सगळं एका दरात असू द्या. चहाचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे असं मोजायला लागलं की घरपण जातं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण फुलांच्या दिवसांत लोक तीन ठिकाणी बोलून ठेवतात आणि एकीकडे जातात. रद्द केल्यास किती परत देणार, हे पैसे घेण्याआधी लिहून पाठवा.

घाटमाथा:
परवान्यांचं राहिलं होतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा आणि ना हरकत दाखला आधी काढा. होमस्टेची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे होते, तुमच्यासाठी पुणे विभागाचं कार्यालय. शेतावर पाहुणे न्यायचे असतील तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालीही जाता येतं. त्यात किमान एक एकर शेती लागते आणि खोल्या आठपर्यंत चालतात. जेवण देणार म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. वर्षाची उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते.

कर्ज काढणार असाल तर २०२३ चं 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण बघा. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं. त्यासाठी व्यवसाय बाईच्या मालकीचा असावा लागतो. म्हणून नोंदणी पहिल्या दिवसापासून तुम्हा दोघींपैकी एकीच्या नावाने करा. काम बायकांचं आणि कागद पुरुषांच्या नावावर, असं झालं की पुढे काहीच मिळत नाही.

पाहुण्यांची वही ठेवा: नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, ओळखपत्राची प्रत. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते, घरी ठेवला तरीही. नेट नसेल तर साताऱ्यात जाऊन भरा, पण चुकवू नका. आहे त्या खोल्या दुरुस्त करायला फारशी अडचण नाही. नवीन बांधकाम मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नका. तुमचं गाव नवीन महाबळेश्वर प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर बांधकाम परवानगी एमएसआरडीसीकडून, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडून, घ्यावी लागेल.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पीओपी रद्द झालं, खड्ड्याचं काम आधी धरतो. आता दोन शंका. एक, गावातली काही मंडळी नाराज आहेत. गाड्या, दारू, रात्रीचा गोंगाट होईल म्हणतात. दुसरी, कासचा हंगाम संपल्यावर खोल्या रिकाम्याच राहणार का?

पाटणखोरे:
गावाची भीती खोटी नाही, ती आधीच मिटवा. पाहुणे येण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा. गाड्या कुठे लागतील ते ठरवा. अरुंद बोळात दोन गाड्या उभ्या राहिल्या की सकाळी दुधाचा टेम्पो अडतो आणि पहिलं भांडण तिथेच होतं. देवळाजवळच्या किंवा शाळेमागच्या मोकळ्या जागेत लावायला सांगा, तिथून सामान आणून देणाऱ्या पोराला पैसे द्या. दारूबद्दल बुकिंगच्या वेळीच स्पष्ट नाही म्हणा. दारात आल्यावर सांगितलं तर वाद होतो. स्पीकर लावायचाच नाही असा घरचा नियम करा, रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेही बंदी आहे. नदीवर, पाणवठ्यावर बायकांचे फोटो काढायचे नाहीत, कुणाच्या घरात न विचारता शिरायचं नाही, हे चार ओळींत मराठीत लिहून खोलीत लावा.

दुसरं असं की पैसा एकाच घरात जाऊ देऊ नका. अंडी एकीकडून, दूध दुसरीकडून, रानभाज्या तिसरीकडून घ्या. वाट दाखवायला गावातला माणूस घ्या आणि त्याचे पैसे पाहुण्यांनी थेट त्याला द्यावेत. पुढेमागे चार घरं तयार झाली तर पाळी लावा: पहिलं बुकिंग पहिल्या घरी, पुढचं दुसऱ्या घरी, आणि दर सगळ्यांचा एकच. दर वेगळे झाले की पाहुणे भाव पाडतात आणि शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. कास पठाराची व्यवस्था भोवतालच्या गावांच्या समित्या मिळूनच बघतात, हे तुमच्या शेजारचंच उदाहरण आहे.

जंगलाचं सांगायलाच हवं. कोयनेच्या अंगाला व्याघ्र प्रकल्प आहे. वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, हे पाहुण्यांना आधी सांगा. अंधार पडल्यावर शिवारात एकटं फिरू देऊ नका, गवे पिकात उतरतात. शेकोटी फक्त अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून. फेब्रुवारीनंतर ती पण नाही, एक ठिणगी वाळल्या गवतात पडली की डोंगर पेटतो. प्रत्येक खोलीत बॅटरी ठेवा, बूट घालण्याआधी झटकायला सांगा. फुरसं चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन. रेंज नसेल तर कुणाची गाडी निघेल, कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, हे आत्ताच चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवा.

वारणाकाठ:
हंगामाचं मी सांगते. कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरची, आणि त्याच सुमाराला तुमच्या घरात गौरी-गणपती असतात. माहेरवाशिणी येतात, खोल्या घरच्यांनाच लागतात. मग लगेच भाताची कापणी. म्हणून कॅलेंडर घेऊन आधी आपले दिवस खोडा: गौरी-गणपती, गावची यात्रा, लावणीचे आठ-दहा दिवस, कापणी-झोडणी. उरलेले दिवस पाहुण्यांचे. यात्रेला पाहुणे घ्यायचे तर दोनच घ्या आणि घरच्या माणसांसारखे घ्या.

बाकी वर्ष रिकामं जात नाही. जुलैमध्ये लावणी बघायला, चिखलात उतरायला लोक येतात. त्यांना जुने कपडे, इरलं आणि पाय धुवायला दगड तयार ठेवा. थंडीत आमच्याकडे गुऱ्हाळं चालतात, हुरडा असतो, तासगावकडे द्राक्षं. तुमच्याकडे धुकं, जलाशय आणि पक्षी आहेत. एका रात्रीचा पाहुणा कामाला महागात पडतो, कारण पाहुणा एक रात्र राहो की दोन, चादरी तेवढ्याच धुवाव्या लागतात. म्हणून दोन रात्री राहणाऱ्याला दर थोडा कमी करा.

आणि येण्याची वाट लिहून पाठवायला विसरू नका. यवतेश्वराचा घाट चढल्यावर कुठवर रेंज मिळते, शेवटचा पेट्रोलपंप कुठे आहे, कुठल्या फाट्याला वळायचं, फाट्यावर खूण काय. अंधार पडायच्या आत पोचा असं ठळक लिहा. उशीर झालाच तर फाट्यावर कंदील घेऊन कोण उभं राहणार, ते घरात आधी ठरवून ठेवा.